पाखऱ्याच्या बदल्यात

(ओझरजवळ पत्र्याचं शेड. आत दोन जुन्या जपानी गाड्या, लाल इव्हो आणि रुपेरी सुबारू; बाहेर टेंपोत शर्यतीचा बैल, पाखऱ्या.)

श्रेया : म्हणजे गाड्या दोन, आरसी बुकं दोन, टर्बो दोन, सिलिंडर आठ. चाव्या मात्र तीन. लाल इव्होची दुसरी चावी कुठंय, दादाभाऊ?

दादाभाऊ : आधीच्या मालकाकडं राहिली. एका चावीनं गाडी चालू व्हत न्हाई का, पोरी?

श्रेया : होते. मी फक्त मोजतेय.

गोकुळ : ताई, आवर तुझं. पाखऱ्या पाय आपटतोय.

दादाभाऊ : उद्या शर्यत हाय, राव. अंधार पडायच्या आत त्यानं माझ्या गोठ्यात वैरण खाल्ली पायजे. एक बैल, एक गाडी. कंची, ते सांग.

श्रेया : रुपेरी सुबारू तपासून झाली. सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते या गेजवर कळतं. एकशे पन्नासच्या आसपास हवी, आणि चारही जवळपास सारखी; एकाची जरी फार कमी निघाली, तर इंजिन आतून गेलेलं. हिची एकशे अठ्ठेचाळीस, एकशे सेहेचाळीस, एकशे पन्नास, पुन्हा एकशे सेहेचाळीस.

गोकुळ : एवढ्याला तासभर?

श्रेया : हिचे प्लग बाजूला असतात. बॅटरी काढल्याशिवाय हात जात नाही.

गोकुळ : ती चांगलीये गं. पण तिच्यात बसलो की मामाच्या गाडीत बसल्यासारखं वाटतं. इव्होचा टर्बो शिट्टी घालतो ना, तेव्हा लई भारी वाटतं.

श्रेया : अर्धा तास दे. तिचं इंजिन आपण यायच्या आधीच गरम होतं. थंड असताना कशी सुरू होते, ते आपण बघितलेलंच नाही.

दादाभाऊ : तुमी येणार म्हून जरा फिरवून आणली. पावण्यांपुढं धूळ खात उभी करू का?

श्रेया : गोकुळ, तात्या काल जेवले नाहीत. आईला म्हणाले, पोराला बैल द्यायचा तर देऊ दे, पण त्याच्या बदल्यात जे येईल ते दारापर्यंत स्वतःच्या ताकदीनं यायला हवं.

गोकुळ : मलाबी म्हणाले. पण द्यायला माझ्याकडं पाखऱ्याच आहे, दुसरं काय? आजवर तो पळाला आणि मी कडेला उभा राहून ओरडलो. आता मला पळायचंय.

श्रेया : पळ की. अर्ध्या तासानं पळ.

दादाभाऊ : बैल फळ्या फोडतोय. पाय दुखावला तर मला उपयोग न्हाई. आत्ता बोल, न्हाईतर उतरव आन् ने माघारी.

गोकुळ : धरा कासरा. इव्हो.

श्रेया : गोकुळ, थांब.

गोकुळ : दिला, ताई.

दादाभाऊ : गाडीचं नाव घेऊन कासरा हातात दिलाय. आता फिरायचं न्हाई, तुला ठावं हाय.

गोकुळ : माहितीये. नाय फिरत.

श्रेया : यांनी पाखऱ्याला शर्यतीच्या घाटात दोन बाऱ्या पळवला, घड्याळ लावून. खूर बघितले, दात बघितले. तू गाडी शिट्टीवर घेतलीस.

दादाभाऊ : बैल बोलत न्हाई, बाई. बघावाच लागतो. चला, येतो मी. शेडाला कुलूप घाला जाताना.

गोकुळ : गेला टेंपो. वळून पण बघितलं नाय त्यानं.

श्रेया : टेंपोत वळायला जागा नसते. ये, आत बस.

गोकुळ : आता कशाला प्लग काढतेस? गाडी आपलीच झाली.

श्रेया : म्हणूनच. घरी तात्या विचारतील. ॲक्सिलरेटर पूर्ण दाब. मी सांगेन तेव्हा स्टार्टर मार.

गोकुळ : मारू?

श्रेया : मार. बास. पहिला, एकशे बावन्न.

गोकुळ : बघ.

श्रेया : मार. दुसरा, एकशे एकोणपन्नास.

गोकुळ : सुबारूपेक्षा कुठं कमी आहे? उगाच घाबरवलंस मला. तात्यांना फोन लावू?

श्रेया : थांब. मार.

गोकुळ : किती?

श्रेया : पुन्हा मार.

गोकुळ : गेज सैल असेल.

श्रेया : घट्ट बसवलाय. अजून एकदा.

गोकुळ : ताई, किती?

श्रेया : तिसरा, साठ.