आई मोकळी, तर मूल मोकळं

वेट्टिया: हळू ओढ ग! मरायच्या आधीच टक्कल करशील माझं.

मिर्टाले: गुंता झालाय, बाईसाहेब. अंथरुणाला पाठ लागली की होतोच.

वेट्टिया: का थांबलीस? कळा सुरू झाल्या?

मिर्टाले: अजून नाही. सुईण म्हणाली, पौर्णिमेच्या आत.

वेट्टिया: आणि वैद्य म्हणतो, मी पौर्णिमा काढीन. वैद्यांवर माझा भरवसा नाही, पण असो.

मिर्टाले: त्याचंच बोलायचं होतं.

वेट्टिया: मृत्युपत्रात लिहिलंय ना? मी गेले की तू मोकळी. शब्द फिरवायची नाही मी.

मिर्टाले: मी मोकळी होईन हो. पण पोर त्याआधी झालं तर ते गुलामच. तुमच्या भाच्याच्या, सेक्स्टुस मालकांच्या वाटणीला जाणार.

वेट्टिया: बाप तर मोकळा आहे ना त्याचा? तो बंदरातला नावाडी?

मिर्टाले: बाप कोणी का असेना! मूल आईच्या पदरी जन्मतं. काल धाकट्या मालकीणबाई माझ्या पोटाला हात लावून म्हणाल्या, मुलगी झाली तर कापुआला माझ्या बहिणीला देऊन टाकीन. भांडं द्यावं तसं.

वेट्टिया: मग मी काय करू? लवकर मरू?

मिर्टाले: असं काय बोलता! मला आजच मोकळं करा. चार माणसांसमोर तोंडानं म्हटलंत तरी पुरतं.

वेट्टिया: आणि उद्या तू नावाड्याकडे निघून गेलीस, की मला पाणी कोण देणार? सेक्स्टुसची बायको?

मिर्टाले: हवं तर शपथ घाला मला.

वेट्टिया: शपथ नको. राहशील का, एवढंच विचारतेय.

मिर्टाले: खरं सांगू? माहीत नाही.

वेट्टिया: हं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ‘हो बाईसाहेब’ म्हणाली नाहीस. बाहेर कोण बोलतंय?

मिर्टाले: सेक्स्टुस मालक. शेजारचे तेलवाले नवराबायकोही आलेत, तुम्हाला बघायला.

वेट्टिया: बोलाव सगळ्यांना.

(तिघे आत येतात.)

सेक्स्टुस: कशी आहेस, आत्या?

वेट्टिया: जिवंत. तेलवाले, तुम्ही दोघं जरा पुढे या, साक्षीला. ही मिर्टाले या घटकेपासून मोकळी.

सेक्स्टुस: ताप डोक्यात गेलाय तुझ्या! बाईमाणसाला असं परस्पर करता येत नाही. कुणा पुरुषाची संमती घेतलीस?

वेट्टिया: तीन लेकरं जन्माला घातलेल्या बाईला ती लागत नाही. कायदाच आहे तसा, विचार कुणालाही.

सेक्स्टुस: पण आत्या, तुझं तर एकही जगलं नाही.

वेट्टिया: कायदा जन्म मोजतो, सेक्स्टुस. पुढचं त्याला देणंघेणं नाही.

सेक्स्टुस: मग निदान पोटातलं तरी घरचं...

वेट्टिया: पोटातलं तिचं. जा, बायकोला सांग, बहिणीला दुसरं काहीतरी पाठव म्हणावं.

मिर्टाले: ... गेले सगळे. सेक्स्टुस मालक दार आपटून गेले.

वेट्टिया: तुझे मालक नाहीत ते आता. रडतेस कशाला? उशी सरळ कर माझी.

मिर्टाले: तुमच्या लेकरांचं मला ठाऊकच नव्हतं, बाईसाहेब.

वेट्टिया: तू या घरात यायच्या आधीचं ते.

मिर्टाले: नावं काय होती?

वेट्टिया: थोरला मार्कुस. मधला लुकियुस. धाकटी पाचव्या दिवशी गेली. नाव आठव्या दिवशी ठेवायचं होतं.