बाहीवरचे पंख

सन्माननीय अध्यक्ष कर्नल स्ट्रॅकन, व्यासपीठावरचे आदरणीय पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती श्रीमती एफी टलॉक, आमच्या छत्रीधारी तुकडीतले वयोवृद्ध सैनिक, आणि केकचा वास सुटल्यापासून मागच्या दाराशी घुटमळणारे आर्डव्हॅनीचे समस्त नागरिक, तुम्हा सर्वांना या आर्ची पिरी शिंप्याचा नमस्कार.

बावीस वर्षं टलॉकबाईंनी माजी सैनिक संघटनेचं चिटणीसपद सांभाळलं. आता त्या लेकीकडे इन्व्हरनेसला निघाल्या. त्यांच्या टापटिपीबद्दल, हस्ताक्षराबद्दल आधीचे वक्ते बोललेच आहेत. मी एका जाकिटाबद्दल बोलणार आहे. कर्नलसाहेब, घड्याळ बघू नका, लांबवत नाही.

आमच्या तुकडीचा रिवाज तुम्हाला ठाऊक आहे. उडीचं शिक्षण पुरं झालं की पंखांचा बिल्ला उजव्या बाहीवर. शत्रूच्या मुलखात तीनदा उतरून आलं की तोच बिल्ला छातीवर. बाहीपासून छातीपर्यंत अंतर किती? वीतभर. पण तेवढ्यात किती माणसं गेली! मी स्वतः विमानातून कधी उडी मारली नाही. सगळं युद्धभर कोठारात बसून दुसऱ्यांचे बिल्ले शिवत होतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण माझ्या नजरेला वाकडेपणा आला तो तिथूनच.

होडीवाला लॅकलन गॉ दर नोव्हेंबरला युद्धातल्या मृतांच्या स्मृतिदिनाच्या संचलनात छातीवर पंख लावून चालायचा. सहा वर्षांपूर्वी त्यानं ते जाकीट अस्तर बदलायला माझ्याकडे टाकलं. मी बाही उजेडात धरली. बिल्ला एकदा शिवला आणि उसवला, तर खालचं कापड गडद राहतं, सुईची भोकं दिसतात. इथं काहीच नव्हतं. छातीवरची शिलाई तर घरगुती दोऱ्याची, बारीक टाक्याची. सैन्यातला शिंपी असा टाका घालत नाही. मग बाहीवर न बसता पंख थेट छातीवर आले कसे?

मी एकाच गिऱ्हाइकाला बोललो. एकालाच! आठ दिवसांत गावभर झालं. लॅकलन गुत्त्यात शिरला की बोलणं थांबायचं. एकदा कुणीतरी ओरडलं, "काय रे लॅकी, तिसऱ्यांदा कुठं उतरला होतास? बायकोच्या माहेरी?" त्यानं अर्धा पेला तसाच ठेवला आणि निघून गेला.

संघटनेच्या सभेत मागणी झाली, पंख उतरवा. तेव्हा टलॉकबाई उभ्या राहिल्या. "जाकीट बदलून मिळालं नसेल कशावरून? मी लष्कराच्या दप्तराला पत्र लिहिते. उत्तर येईपर्यंत कुणी कुणाच्या छातीकडे बघायचं नाही."

माझी बायको जेसी टपाल कचेरीत कामाला. फेब्रुवारीत ती म्हणाली, "सरकारी लिफाफा आला हो टलॉकबाईंना. जाडजूड आहे." मी मार्चच्या सभेची वाट बघत बसलो. बाई काय म्हणाल्या? "संघटनेला सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही."

झालं! मला आता बाईंचाच संशय येऊ लागला. त्या आठवड्यातून किती वेळा लॅकलनच्या होडीनं पलीकडे जातात, हे मी दुकानाच्या खिडकीतून मोजत असे. हसताय काय? तुमच्यातले दोघे माझ्याबरोबर मोजत होते.

एप्रिलात लॅकलन दुकानात आला. जाकीट टेबलावर ठेवून म्हणाला, "आर्ची, हे छातीवरून काढ. बाहीवर लाव."

"म्हणजे?"

"एकदाच उतरलो मी. पुढं दोनदा ढगांमुळं विमान माघारी फिरलं. मी आईला पत्रात मोजून तीन लिहिलं. रजेवर हे नवं जाकीट आणि सुटा बिल्ला घेऊन घरी आलो. सकाळी बघतो, तर जाकीट खुंटीला टांगलेलं, तिनं पंख छातीवर शिवून टाकलेले. सगळ्या गल्लीला बोलावून दाखवत होती. कुठल्या तोंडानं उसवायला सांगणार होतो?"

"आणि ती गेल्यावर?"

"तोवर मीसुद्धा तीनच मोजायला लागलो होतो रे."

मी कात्री हातात घेतली, पण चालवेना. विचारलं, "ते दप्तराचं पत्र?"

"एफीनं न उघडता माझ्या हातात दिलं. म्हणाली, तुझं आहे, कुणाला दाखवायचं ते तू ठरव. मी म्हटलं, जाकीट दुसऱ्या गावी नेतो दुरुस्तीला. तर म्हणाली, नको, पिरीकडेच ने. पहिल्यांदा त्यानंच पाहिलंय."

मंडळी, माझी समजूत होती की कुजबुज कुणापासून सुरू झाली हे कुणालाच ठाऊक नाही. बाईंना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. वर्षभर त्या माझ्याकडून कोट शिवून घेत होत्या, हवापाण्याच्या गप्पा मारत होत्या, आणि एका शब्दानं बोलल्या नाहीत.

त्या नोव्हेंबरात लॅकलन बाहीवर पंख लावून संचलनात आला. सगळ्यांनी पाहिलं. छातीवर मात्र तेवढा गडद ठसा राहिला होता. तो काही माझ्यानं जाईना. टलॉकबाई रांग मोडून त्याच्या शेजारी जाऊन चालू लागल्या. मी पदपथावर उभा होतो. टोपी काढायची हिंमत झाली नाही.

लॅकलनला जाऊन आता तीन वर्षं झाली. त्याच्याशी याबद्दल बोलायचं राहिलं.

टलॉकबाई, तुम्ही आमची गुपितं सांभाळलीत, तुमचे आभार. संघटनेनं शिंप्याला बोलू दिलं, तिचेही आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभागृहानं पोटात घालावं. बाकी जे झालं, ते इतक्या स्वस्तात पोटात घालू नका. ते माझ्याच तोंडून सुरू झालं होतं.