गुन्वोरच्या स्वयंपाकघराची पट्टी

—नाही नाही, ती टेप ठेवा बघू पर्समध्ये, ओस्लौगबाई! हाल्वर्द सुताराच्या शेडमध्ये टेपला मान नाही. टेप खोटं बोलते असं नाही म्हणत मी, वाचणारा चुकतो — एक रेघ इकडची तिकडे झाली की गेली फळी चुलीत! ही बघा माझी पट्टी. साधी बर्चच्या लाकडाची काठी, आकडा एक नाही तिच्यावर. कशाला हवा आकडा? कपाटासाठी तुमच्या बहिणीच्या, गुन्वोरच्या स्वयंपाकघरात नेली, कोपऱ्यात उभी धरली, खिडकीची चौकट आली तिथं खूण, चूल आली तिथं खूण — झालं! आणि आतली रुंदी हवी असेल तर या दोघी जुळ्या काठ्या. एकमेकींवर ठेवायच्या, सरकवायच्या, टोकं दोन्ही भिंतींना टेकली की चिमटीत धरून दोघींवर आडवी रेघ मारायची. अख्खं स्वयंपाकघर काखेत मारून घरी! एकदाच जायचं. दुसऱ्यांदा तोंड दाखवायची गरजच नाही, हाच तर फायदा.

काय? — हो, गेलो असेन नंतरही. घर जुनं आहे हो ते. बर्फ वितळला की जमीन हलते, भिंत सरकते. — हो, एप्रिलमध्येसुद्धा सरकली. तुम्हा बर्गनच्या लोकांना काय कळणार इथल्या भिंतींचं! — सतरा मेला? देशाच्या सणाच्या दिवशी सुटाबुटात कोण माप घ्यायला येतं म्हणता? येतं कोणी कोणी! तिनं कॉफी ठेवली, वॅफल केले, वर तपकिरी चीज — मग काय, उठून पळू? अहो, तुमची बहीण हसते ना, तेव्हा हातातली पेन्सिल कुठं टेकवायची तेच — अं? काही नाही. लाकडाबद्दल बोलत होतो.

अहो, ते कांबळं नका उचलू! धूळ बसेल — उचललंत. बरं, आहे. तिचंच कपाट. हो, झालंय. ईस्टरलाच झालंय, वार्निशसुद्धा खडखडीत वाळलंय, पुरे? आता विचारा, का नाही पोचवलं. पोचवलं की संपलं ना सगळं! बायको गेल्यापासून मी कुणाच्या स्वयंपाकघरात बसलो नव्हतो. आता कपाट लावून मोकळा झालो, की उद्या कुठल्या तोंडानं तिचं दार वाजवू? — पट्टीच्या पाठीमागची ती खूण? तिचा हात सहज पोचतो ती उंची. वरच्या फळीसाठी ताणावं लागू नये म्हणून. आणि ती रुंद खूण... बाकाची. खिडकीतल्या. — नाही, बाक तिनं सांगितलेला नाही. दोन माणसं बसतील एवढा. इकडे द्या ती पट्टी! माणसानं काठीसुद्धा झाकून ठेवायची की काय आता?

तिचा निरोप? मग इतका वेळ काय मला सोलत बसलात? सांगा ना. — वॅफलचा साचा कपाटात मावत नाही? दांडा बाहेर राहतो? शक्यच नाही! ही बघा साच्याची खूण, दांड्यासकट. तिनंच धरून दाखवला होता पहिल्या दिवशी. कसा नाही मावत? मी स्वतः — पुन्हा येऊन माप घ्या म्हणते? आजच? अहो, पण तिला कसं कळलं मावत नाही ते? कपाट तर इथं माझ्यासमोर...

...

हसू नका. ओस्लौगबाई, हसू नका म्हणतो ना. काय शब्द वापरले तिनं, परत सांगा. — नको, राहू दे, माझ्याच तोंडावर हसाल. उठा आता. दार ओढून घ्या जाताना, मला दाढी करायची आहे. — आणि अहो! तिला सांगू नका काही. एवढंच सांगा, हाल्वर्द निघाला. पट्टी घेऊन.