लिंडसेची ‘ती’

नाही, पण मला एक सांगा, ‘ती’ म्हणजे कोण? अहो, एकतीस वर्षं झाली माझ्या लग्नाला, एकतीस वर्षं मी ऑस्ट्रेलियातल्या गिप्सलँडच्या या चिखलात गाई दोहतेय, आणि आमच्या पुरुषांची ही ‘ती’ काही मला अजून कळलेली नाही! ट्रॅक्टर असला तरी ती, पंप असला तरी ती, आभाळ भरून आलं की "येतेय बघ ती", फाटकाची कडी लागली की "बसली एकदाची ती"... आणि मी? अख्ख्या शेतावर बाई म्हणावी अशी मी एकटी, तर मला हा माणूस हाक मारतो "बॉस"! आता डोकं फिरेल नाहीतर काय होईल?

तर गेल्या जुलैतली गोष्ट. लिंडसे, म्हणजे माझा नवरा, कुंपणाला टेकून उभा, पलीकडे आमचा शेजारी केल्व्हिन, आणि मी वासरांच्या बादल्या घेऊन मागून चाललेय, तर कानावर काय येतं? केल्व्हिन म्हणतोय, "जुनी आहे गड्या, पण दम आहे तिच्यात. धूर जरा जास्त सोडते." लिंडसे म्हणतो, "सोडू दे की. सकाळी उठताना कटकट करते का?" "थंडीत करते. पण एकदा तापली ना, मग कुणाच्या बापाचं ऐकत नाही! घेऊन जा तू. आमचे म्हातारबाबा गेल्यापासून नुसती पडून असते."

आता तुम्हाला बेरिल माहीत आहे. केल्व्हिनची बहीण. दिवसाला एक पाकीट ओढते, वडील गेल्यापासून भावाकडे राहते, दहाच्या आधी उठत नाही... मी काय समजायचं, सांगा ना! मी मुकाट्यानं मागची खोली झाडली, पलंगावर धुतलेली चादर घातली, उशाशी राखदाणी ठेवली! आणि दुसऱ्या दिवशी ट्रेलरवरून उतरलं काय? इंजिन. डिझेलचं. केल्व्हिनच्या बापाच्या ट्रकमधलं. तो ट्रक वीस वर्षं ओढ्यात काटेरी झुडपांखाली पडलेला, इंजिनावर कोंबड्या अंडी घालायच्या, आणि हा माझा नवरा त्या गंजक्या धुडावर असा हात फिरवतोय की मी चादर काढून परत कपाटात ठेवली.

आता तुम्ही म्हणाल, कशाला आणावं असलं लचांड? नाही, ते मात्र हवं होतं. त्याच्या आदल्या वर्षीच्या वादळात आमच्याकडची वीज चार दिवस गेली होती. यंत्र बंद, गाई एकशे तीस, माणसं दोन, हात चार! किती दोहाल? गाई फाटकाशी उभ्या राहून हंबरतायत, कासा दगडासारख्या झाल्यात, एकोणीस गाईंना ताप भरला, आणि पर्ल, जिला लिंडसेनं बाटलीनं दूध पाजून वाढवली होती, ती गेलीच. लिंडसे आत आला, टोपी टेबलावर ठेवली आणि बसला. आठवडाभर तो कुणाशी बोलला नाही. मला भीती वाटायला लागली होती त्याची, खरं सांगते. म्हणून त्या इंजिनाला मी एका शब्दानं नको म्हटलं नाही. मी फक्त विचारलं, ‘ती’ म्हणजे कोण?

आणि तेच विचारायला नको होतं! कारण पुढचे अकरा महिने आमच्याकडे दोन ‘ती’ झाल्या. एक हे इंजिन, आणि दुसरा लाकूड कापायच्या बंद पडलेल्या गिरणीतून आणलेला अल्टरनेटर, म्हणजे इंजिन याला फिरवणार आणि हा वीज देणार. तो आला तेव्हा आतून ओला होता, तर चार दिवस माझ्या शेगडीसमोर, माझ्या खुर्चीवर, ब्लँकेट पांघरून! जेवताना लिंडसे म्हणतो, "बॉस, तिला मिनिटाला बरोब्बर पंधराशे फेरे लागतात."

"कुणाला? इंजिनाला?"

"नाही गं, तिला!"

"मग इंजिनाला?"

"ती बाराशेवर खूश असते."

"म्हणजे ही ती पंधराशे आणि ती ती बाराशे?"

"म्हणून तर पट्टा!" म्हणाला, आणि बटाट्यांवर ग्रेव्ही ओतून घेतली. आता मला सांगा, या घरात एका माणसाला दुसऱ्या माणसाचं काही कळतं का?

बरं, गेल्या मंगळवारी भर दुपारी वादळ आलं. छप्पर थडथडायला लागलं, साडेबाराला वीज गेली. वीजवाल्यांना फोन लावला तर पलीकडची पोरगी गोड आवाजात म्हणते, "नक्की सांगता येत नाही, दोन तास लागतील किंवा तीन दिवस." तीन वाजता गाई फाटकाशी. पहिली हंबरली आणि लिंडसेचा चेहरा पांढरा पडला. मी म्हटलं, "चल. काढ तुझ्या तिला बाहेर."

गोठ्याच्या भिंतीवर त्यानं एक दांडा बसवलाय. वर केला की गोठ्याला आणि घराला खांबावरची वीज, खाली केला की इंजिनाची. दोन्ही एकदम चालतच नाहीत, कारण आपली वीज तारेवर उलटी गेली तर खांबावर चढलेला माणूस मरायचा. तर दांडा खाली केला, केल्व्हिन मदतीला आला, इंजिनानं आधी नकार दिला, मग खोकलं, मग असा काळा धूर सोडला की पुढच्या दहा गाई मागे पळाल्या... आणि दिवे लागले! अहो, लागले! मी टाळ्या वाजवल्या! दूध ओढणारा पंप सुरू झाला, मी पहिल्या गाईच्या सडांना यंत्राचे चार कप लावले... पट, पट, पट, पट. चारही खाली! दुसरीला लावले, पट पट पट पट! ओढायचं सोडून ते कप फुंकतायत! गाय वळून माझ्याकडे बघतेय, ही काय नवीन थट्टा! आणि इंजिनाच्या त्या आवाजात लिंडसे ओरडतोय, "बंद कर तिला! बंद कर तिला!"

कुणाला? माझ्यासमोर इंजिन, बाजूला पंप, मागे फाटक! मी फाटक बंद केलं. केल्व्हिन फाटकात होता.

तर तो तिथंच एका पायावर उभा राहून म्हणाला, "पंप उलटा फिरतोय. तीन तारा आहेत ना, त्यातल्या दोन एकमेकींच्या जागी लाव."

"कुठल्या दोन?" मी विचारलं.

"कुठल्याही."

कुठल्याही! म्हणजे अकरा महिने हिशेब, फेरे, पट्टे, रात्रंदिवस डोकेफोड, आणि शेवटी कुठल्याही? मला तर वाटतं यांनाही काही कळत नाही, नुसतं एकमेकांना कळल्यासारखं दाखवतात. पण लावल्या हो, इंजिन थांबवून दोन तारा बदलल्या, परत सुरू केलं, मी भीतभीत कप लावले... आणि ते धरून राहिले. नळीतून दूध यायला लागलं. लिंडसे नुसता त्या नळीकडे बघत राहिला आणि बाहीनं नाक पुसलं. मला रडू आलं, सांगायला लाज कसली!

एकामागून एक गाय मोकळी होतेय, केल्व्हिन घरी गेलाय, साधारण साठ गाई दोहायच्या राहिल्यात, तेवढ्यात कुंपणापलीकडून केल्व्हिन ओरडला, "लिंडसे! ती आली रे!"

लिंडसेनं इंजिनावर थाप मारली. "आली ना! म्हटलं नव्हतं मी, येईल म्हणून?"

"झकास!"

"झकास!"

दोघंही खूश. मीही खूश. मग मी बूट धुवायला बाहेर आले, आणि बघते तर केल्व्हिनच्या पडवीत दिवा! आता केल्व्हिनकडे कुठलं आलंय इंजिन? होतं ते तर त्यानं आम्हालाच दिलं! मी बूट हातात धरून उभी. मग माझी ट्यूब पेटली! इंजिन नव्हे हो, वीज! वीज आली होती! खांबावर येऊन थांबली होती, आणि आमचा दांडा खाली, आम्हाला कळणार कसं?

मी तशीच धावत आत गेले. "लिंडसे, अरे, ती..."

"ऐकतेस ना?" तो म्हणाला. "कशी गातेय बघ."

आणि तो शीळ घालत होता. पर्ल गेल्यापासून पहिल्यांदा.

मी काय करायचं होतं, तुम्ही सांगा! मी म्हटलं, "हो रे, छान गातेय." केल्व्हिनला दुसऱ्या दिवशी गाठून दम भरलाय, लिंडसेला यातलं काही सांगायचं नाही म्हणून. आज शुक्रवार. लिंडसे रोज सकाळ-संध्याकाळ इंजिन लावतो, दूध गार झालं की प्रेमानं बंद करतो, आणि मग मी घरात मेणबत्त्या लावते. उद्या सांगेन म्हणते... रोजच म्हणते.

आणि माझा ओव्हन विजेवरचा, म्हणून हा केक विकतचा आहे. बघताय कसल्या अशा? खा!