पंपाची तिसरी टाकी

माजं मूळ गाव गारगोटीच्या बाजूचं, पण पोट भराया कोल्हापुरात आलो आन रस्त्याकडंच्या एका पेट्रोल पंपावर लागलो, ते केस पांढरं हुईस्तोवर तितंच ऱ्हायलो. काय सांगू तुमास्नी पावणं, लई मजेत दिस गेलं. जोतिबाला निघालेली जीप असूदे न्हायतर शिरोळकडला उसाचा ट्रॅक्टर, डायवर समदं नावानं ठावं. रोज सकाळी जमिनीतल्या टाकीत मापाचा लांब गज सोडायचा आन त्याल किती उरलंय ते बगायचं, ह्ये काम माजंच, दुसऱ्याच्या हातात गज म्यां कदी दिलाच न्हाय.

फुडं मालक वारला, पंप बंद पडला, आत गवत माजलं. आमचं घर मागच्याच गल्लीत, आन पंपाच्या भिंतीला लागून आप्पाण्णांची हीर. आप्पाण्णा म्हंजी जैन शेतकरी, चार म्हशी, थोडा ऊस, आन बोलाया लागलं की पार चौकात ऐकू जातंय. आख्खी गल्ली त्येंच्या हिरीचं पाणी प्यायची, कुणाला कदी नको म्हणलं न्हाईत.

एक दिशी सुभद्रानं, म्हंजी माज्या बायकूनं, च्याचा कप फुड्यात ठेवला आन म्हणली, आवं ह्येला रॉकेलचा वास मारतोय. म्यां म्हणलं, न्हाय मारत. ती म्हणली, मारतोय की. झालं, भांडाण. आता खरं सांगतो, उभा जलम पेट्रोलात काडून माजं नाकच मेलंय, चुलीवर दूध करपलं तरी मला कळत न्हाय, आन मी हिला शाणपणा शिकवतोय! दुसऱ्या दिशी आप्पाण्णांच्या म्हशींनी त्या पाण्याला तोंड लावलं न्हाय. जाऊन बादलीत बगितलं तर वर निळी-जांभळी चकाकी, पावसात पंपाच्या फरशीवर दिसायची तशीच की.

हीर बंद केली, टँकर सुरू झाला. पाणी तपासाया सरकारी कचेरीतनं एक मॅडम आली, तरणी पोर, पायात ह्ये मोठं बूट. तिनं नकाशा बगून पंपाच्या दोन टाक्या उकरून काडल्या, तर दोन्ही धडधाकट, कुटं भोक न्हाय. बिचारी डोक्याला हात लावून बसली. पर मला ठावं हुतं, टाक्या दोन न्हाईत, तीन हायत. पयली जुनी टाकी गंजाया लागली तवा मालकानं ती सोडून नव्या दोन बसवल्या, आन जुनीच्या तळाला डिझेल तसंच ठिवून वर मुरूम वडला. झाकण कुणी बसवलं? म्यांच. दोन दिस पंपाकडं फिरकलोच न्हाय. सांगितलं तर गल्ली म्हणंल, ह्येनंच आमास्नी इख पाजलं. आन न सांगून तरी कुटं जातोय, सुभद्रा माजं तोंड बगून वळकतीया. तिनं समदं काडून घेतलं आन म्हणली, जावा आन सांगा, मी येते संगं.

आप्पाण्णा गोठ्यात हुतं. मान खाली घालून समदं सांगितलं. त्येंनी हातातली शेणाची पाटी खाली ठिवली. मग वरडलं, आरं मग हितं काय शेण बगत उभा हाईस मर्दा, चल दाखीव की!

मॅडमला बोलावलं, पंपावरच्या हवा भरायच्या खोलीफुडं सात पावलं चाललो आन म्हणलं, हितं उकरा. मॅडम म्हणली, तात्या, नकाशात इथं काहीच नाही. म्यां म्हणलं, नकाशावाल्यानं गज सोडला नव्हता मॅडम, म्यां सोडलाय. जेसीबी लागला. पुरुषभर खाली गेला आन ठण्ण करून वाजलं! वर वडली तर बूड निस्तं चाळणीगत. काय ती गर्दी, बायका भिंतीवर चढलेल्या, कुणीतरी जोतिबाच्या नावानं चांगभलं म्हणून गुलाल उधळला आन मॅडमची पांढरी टोपी गुलाबी झाली, तशी ती बी हसाया लागली. मी रडतबी हुतो, हसतबी हुतो. मला वाटलं हुतं शिव्या बसतील, तर गल्लीनं खांद्यावर उचलला की वो!

त्याल मुरलेली माती ट्रकनं नेली. पाणी मशिनीनं उपसून साफ कराया मातुर लई दिस लागलं. मॅडम यायची, बाटली भरून न्यायची, अजून नको म्हणायची. गेल्या महिन्यात लागोपाठ दुसऱ्यांदा तपासणी चांगली आली आन ती म्हणली, प्या आता. आप्पाण्णा म्हणलं, पयली घागर सुभद्रावैनी काडतील, वास त्येंनीच पयला धरलाय. तिनं वंजळ नाकाशी धरली. म्हणली, कसलाच वास न्हाय! आक्कांनी, आप्पाण्णांच्या मालकिणीनं, गल्लीला गव्हाची खीर घातली, मी तीन वाट्या हाणल्या.

आता कुटं जुना बंद पंप उकरायचा झाला की मॅडम फोन लावती, तात्या येता का, म्हणून. ह्या वयात मला जीप न्यायला येतीया, सुभद्रा टोपी धुवून देतीया, आजून काय पायजे सांगा. आन उठलात व्हय लगीच? बसा, तांब्या येतोय, आमच्या हिरीचं पाणी पिऊन जावा. तुमच्या गावच्या हिरीबी अशाच गोड ऱ्हाऊ द्यात, पावणं.