अजून दोन पंप

राखी : बोलत नाही म्हंजे एकदम मुके नाही मॅडम. बैलासंग बोलतात. याडीसंग बोलतात. माह्यासंगच तेवढं नाही.

सुनीती : याडी म्हणजे सासूबाई ना?

राखी : हो. आमच्या तांड्यात आईले याडीच म्हन्तात.

सुनीती : राखीताई, मागच्या दोन मंगळवारी तुम्ही एकट्याच फोनवर होतात. आज शामभाऊही बसलेत, बरं वाटलं. शामभाऊ, मी सुनीती, समुपदेशक, यवतमाळहून बोलतेय. मला तुमचा फक्त खांदा दिसतोय हं.

शाम : खांदा पुरे नं मॅडम. बोलाचंच हाय, फोटो थोडी काढाचा हाय.

राखी : पाहा, हे असं! बेबीताई, आमच्या तांड्यातली आशा सेविका, तिनं तुमचा नंबर देल्ला तवाच हे म्हणे, मोबाईलवर कुठं नवरा-बायकोचं भांडन मिटते?

शाम : मंग मिटते का? विचारून राह्यलो फक्त.

सुनीती : माहीत नाही. मी मिटवत नाही, मी विचारते. सांगावंसं वाटलं तर सांगा, नाहीतर राहू द्या.

शाम : विचारा.

सुनीती : हे कधीपासून आहे?

राखी : दवाखान्यातून आले तवापासून. दसऱ्याले आलते, आता पोळा आला. बोंडअळीचं साल होतं ते. कापसाची पऱ्हाटी मानसाच्या डोक्यावर गेलती, फवारा सारा तोंडावरच ये. औषध डोयात गेलं, नाकात गेलं. वार्डात आजूबाजूले सगये फवारनीवालेच. बारा दिवस यायले काहीच दिसे नाही. मी हाताले धरून फिरवलं, घास भरवला. तवा बोलत होते. दिसाले लागलं अन् मी नकोशी झाली.

सुनीती : नकोशी, हे तुम्हाला कशावरून वाटलं?

राखी : चहा नेला त पाहत नाही. कप हातात कोंबला तवाच घेतात. घरात बी काया चष्मा लावून बसतात, जसे पाहुने आले. बोरीच्या बजारात मी यायच्या बाजूनं गेली, इतकी जवळून, का पदर लागला असता. ओळख नाही, आवाज नाही. सोबतच्या बाया हसल्या मॅडम. ऐतवारी भाऊ जीप घेऊन येऊन राह्यला. मी चालली माहेरी, पांढरकवड्याले.

शाम : जाय नं. कोन अडवून राह्यलं?

सुनीती : शामभाऊ, जरा थांबा. राखीताई, चहा तुम्ही कोणत्या बाजूनं नेता?

राखी : बाजू? चूल तिकडं, खाट इकडं... यायच्या डाव्या अंगानं.

सुनीती : आणि बाजारात कोणत्या बाजूनं गेलात?

राखी : थांबा हं. हे बियान्याच्या दुकानाकडं तोंड करून उभे होते... डाव्याच. काहून मॅडम?

सुनीती : अजून मलाही नक्की कळलं नाही. शामभाऊ, बैलांशी बोलता म्हणे. दोघांशी सारखंच?

शाम : उजव्यासंग जास्त. तो शहाना हाय.

सुनीती : आणि डावा?

शाम : डावा दिस... डावा आडमुठा हाय.

सुनीती : शामभाऊ, मोबाईल तुमच्या हातात घेता का? चष्मा काढा, उजव्या डोळ्यावर तळवा ठेवा आणि मी किती बोटं दाखवतेय ते सांगा.

शाम : हा काय पोट्ट्यायचा खेळ?

राखी : ठेवा नं हात.

शाम : नाही.

राखी : काहून नाही?

(शाम मोबाईल खाटेवर उताणा ठेवतो. मोबाईलमध्ये फक्त छपराचे पत्रे दिसत राहतात.)

शाम : धुकं हाय मॅडम. डाव्या डोयात. बोटं सोडा, हात बी दिसत नाही.

राखी : कधीपासून?

शाम : तवापासूनच. उजवा सुधारला, हा नाही सुधारला.

राखी : डाक्टरनं महिन्यानं बोलावलतं. तुमीच म्हणाले, सारं ठीक हाय, कायले जाचं! याडीले माहीत हाय?

शाम : कोनालेच नाही.

सुनीती : इतके महिने कोणालाच सांगितलं नाहीत. का, शामभाऊ?

शाम : ते हिच्यासमोर नाही सांगता येत.

सुनीती : मग नका सांगू. पण आपण नकोशा झालो असं समजून राखीताई येत्या रविवारी घर सोडून निघाल्यात. ते तरी खरं आहे का?

शाम : नाही. तसं नाही मॅडम... त्या फवारनीच्या दिवशी दुपारी मी घरी निघालतो. डोयाची आग होऊन राह्यलती. ही म्हणे, अजून दोन पंप मारून घ्या, मंग संपलंच.

राखी : म्हटलंतं. मी म्हटलंतं मॅडम. पंपात पानी बी मीच भरून देल्लं. मले वाटे, त्याचाच राग हाय यायच्या मनात. तुमाले बी मी हे सांगितलं नाही.

शाम : राग कायचा? फवारा त म्याच मारला. तोंडाले फडकं बांधाले मीच विसरलो. पन डोया गेला, हे तुले समजलं असतं, त ते दोन पंप तू जनमभर डोक्यावर घेऊन फिरली असती. ओळखतो नं मी तुले. बुबुळावर पांढरं आलं हाय, आरशात पाह्यलं मी. म्हनून तोंड फिरवत होतो.

राखी : मंग राग नाही, एवढं तरी सांगाचं!

शाम : तोंड तुह्याकडं केल्याबिगर कसं सांगू?

सुनीती : हे बघा, मी डोळ्यांची डॉक्टर नाही. नजर परत येईल की नाही, मला सांगता येणार नाही. पण आता दाखवायला उशीर करू नका.

राखी : ऐतवारी जीप येतेच हाय. पांढरकवडा राहू द्या, यवतमाळले नेईन यायले. आजच फोन करून भावाले सांगीन.

शाम : जवायाचा एक डोया गेला, असं सांगशील?

राखी : सांगीन. बहिनीले दहा महिने येडी बनवली, हे बी सांगीन.

सुनीती : शामभाऊ हसले का? मला पत्रेच दिसतायत अजून.

शाम : हसलो मॅडम. झालं तुमचं विचारून?

सुनीती : एकच राहिलं. हे कामाचं नाही, मलाच जाणून घ्यायचंय. बारा दिवसांनी दिसायला लागलं, तेव्हा पहिल्यांदा काय दिसलं?

शाम : हिच्या बांगड्या. आधी नुसतं हिरवं हिरवं हाललं. मंग नीट दिसल्या. एका हातात चार, एका हातात तीन.

राखी : एक तिथंच फुटलती, खाटेच्या दांडीले लागून. तुमी कधी बोलले नाही हे.

शाम : कोनी विचारलं नाही.

राखी : काढा तो चष्मा. असं नाही, इकडं फिरा. पुरं फिरा.

शाम : कायले वं? चांगलं नाही दिसत ते. ...रडून राह्यली का?

राखी : रडून नाही राह्यली. पाहून राह्यली.