मालनला दिलेला लेप

कमलाकांत : कुणाच्या तोंडाला लावलंत म्हणालात?

शेवंती : आहे एक पोरगी. आमच्या चाळीतली.

कमलाकांत : शेवंतीबाई, त्या बाटल्या राहू द्या. डॉक्टर यायला अजून वेळ आहे. इकडं बघून सांगा.

शेवंती : मालन. लालबागेत माझ्याच मजल्यावर राहते. सोमवारी लग्न आहे तिचं. तुम्ही दिलेलं ते कोकोचं लोणी... त्याचा लेप केला मी तिच्यासाठी. आता तोंडभर पुटकुळ्या. गाल असे लाल, की बघवत नाही.

कमलाकांत : मी ते तुमच्या हातांना दिलं होतं. सोड्याच्या पाण्यात बाटल्या धुऊन बोटांतून रक्त यायचं, म्हणून.

शेवंती : आणि हात कसे झाले, बघा की! रेशमासारखे. म्हटलं, हाताला एवढं मानवतं, तर तोंडाला का नाही मानवणार? आमच्या गावी कोकमाच्या बियांचं मुठेल असतं. हे दिसायला अगदी तसंच. वास तेवढा राजाच्या घरचा.

कमलाकांत : मुठेल तुमच्या गावी तोंडाला लावतात?

शेवंती : ...टाचांना.

कमलाकांत : मग? भेगाळलेल्या हाताला हे लोणी अमृत आहे, खोटं नाही. पाण्यानं वाळलेली कातडी धरून ठेवतं. पण तोंडाला आधीच स्वतःचं तेल, त्यात मुंबईचा घाम. वर हा थर दिला की छिद्रं बुजतात. सगळ्यांचं तसं होत नाही. पण कुणाचं होईल, ते आधी कसं कळणार? कानामागं बोटभर लावून दोन दिवस थांबायचं होतंत. आणखी काय घातलंत त्यात?

शेवंती : हळद. लिंबू पिळलं. आणि डब्यातला कोको. डॉक्टरीणबाईंनी दिवाळीला दिलेला, प्यायचा.

कमलाकांत : साखर घातलेला?

शेवंती : गोड होता खरा. रात्रभर लेप ठेवला, तर तिच्या उशीला मुंग्या लागल्या.

कमलाकांत : अरे देवा!

शेवंती : हसू नका हो.

कमलाकांत : हसत नाही. बरं, आता कोमट पाण्यानं धुवायचं, घासायचं नाही. वर कॅलामाइन देतो. आठ-दहा दिवसांत उतरेल. पण तिच्या आईला सांगा, काय लावलं होतं ते. नाहीतर ती घरात आणखी काही चोळत बसेल.

शेवंती : तेच तर सांगता येत नाही.

कमलाकांत : का?

शेवंती : मी म्हटलं होतं, माझ्या आजीचा लेप आहे. पिढ्यान्‌पिढ्यांचा. चाळीत कुणाचीही हळद असो, पहिली ओवी माझी असते, कंपाउंडर. माझ्याकडे असलं काही असणारच, असं धरून चालतात बायका. आणि सकाळी लेप धुतला, तेव्हा काय तोंड दिसलं पोरीचं! मी तिथल्या तिथं जुळवलं,
‘उजळली गं सकाळ माझ्या मालनीच्या गाली,
दिवा लावाया विसरली देवघरात माउली.’
दुसऱ्या दिवशी उठली ती हे असं घेऊन.

कमलाकांत : म्हणजे मान जाईल म्हणून गप्प आहात.

शेवंती : तेवढंच असतं तर कालच सांगून मोकळी झाले असते.

कमलाकांत : आणखी काय आहे?

शेवंती : रखमा. तुम्हाला बोलले होते, पंचावन्न साली संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात फाउंटनला गोळी लागून जिचा नवरा गेला.

कमलाकांत : हो. चाळीनं सभा घेतली होती ना त्याच्यासाठी?

शेवंती : त्याच्या फोटोला पहिला हार मालनच्या आईनं घातला होता. लेप धुतला त्या सकाळी रखमानं मालनच्या गालांवरून हात फिरवले आणि कडाकडा बोटं मोडली. मायेनं हो. आता नळावर बायका म्हणतात, विधवेचा हात लागला, म्हणून नवरीचं तोंड फुटलं.

कमलाकांत : तुमच्यासमोर म्हणाल्या?

शेवंती : माझी कळशी भरत होती.

कमलाकांत : आणि तुम्ही काय म्हणालात?

शेवंती : म्हटलं, ‘असेल बाई.’ द्या, शिव्या द्या मला.

कमलाकांत : कुठल्या तोंडानं देऊ? दवाखान्यातली वस्तू डॉक्टरांना न विचारता मीच दिली. वर मोठेपणानं म्हणालो, लावा, काही होत नाही. डॉक्टर आले की मी सांगतो त्यांना. तुम्ही मात्र जिथं ‘असेल’ म्हणालात, तिथंच जाऊन ‘नव्हतं’ म्हणा.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, रखमाच्या दाराशी.)

रखमा : आत ये ना गो. उंबऱ्याबाहेर का उभी?

शेवंती : नको, इथूनच सांगते. मालनचं तोंड माझ्या लेपानं फुटलं. आजीचा-बिजीचा काही नव्हता तो. दवाखान्यातलं औषधी लोणी होतं, हाताला लावायचं.

रखमा : हळू बोल. बाहेर ऐकतील.

शेवंती : ऐकलंय त्यांनी. नळावर सगळ्यांदेखत सांगूनच इकडे आले. मालनच्या आईनं कळशी खाली ठेवली आणि बघतच राहिली माझ्याकडे. मग म्हणाली, हळदीला ओव्या दुसरी कुणी म्हणेल.

रखमा : तुझ्यावाचून कोण म्हणणार?

शेवंती : म्हणेल कुणीही. रखमा, परवा मी नळावर...

रखमा : ठाऊक आहे. जिन्यात होते मी.

शेवंती : ऐकलंस?

रखमा : राग नाही आला तेव्हा. वाटलं, शेवंतीला कळतं. ती म्हणते, म्हणजे असेलच.

शेवंती : असं नको बोलू गो बाय.

रखमा : खरंच माझ्या हातानं नव्हतं?

शेवंती : नव्हतं.

रखमा : परत सांग.

शेवंती : तुझ्या हातानं काही झालं नाही, रखमा. माझ्या हातानं झालं.

रखमा : सरक जरा, उजेड येऊ दे. तीन दिवस माझ्या पोरीला हात लावला नाही मी, वेणीसुद्धा घातली नाही. बेबी, फणी आण गो!